जांभळी बया

आमचं घर बागेत होतं, असं मी सांगते तेव्हा ऐकणाऱ्याच्या डोळ्यांपुढे बंगला उभा राहतो. मी तो थोडा वेळ उभा राहू देते. मग सांगते, की बागेला माळी लागतो, माळ्याला अवजारांची खोली लागते, आणि त्या खोलीला लागून जी दीड खोली होती ती आमची. वर पत्रा, खाली शेणानं सारवलेली जमीन, आणि दारापुढे दोन एकरांची बाग. अंबडच्या कारखान्यांत काम करणाऱ्यांची ती कॉलनी होती. लोकांनी आपसांत समिती केली होती आणि त्या समितीनं माझ्या वडिलांना माळी म्हणून ठेवलं होतं. वडिलांना मी दादा म्हणायचे. मी एकुलती एक, त्यामुळे दादांच्या मागे खुरपं घेऊन हिंडायला आणि आईची बोलणी खायला दुसरं कुणी नव्हतं. दोन्ही कामं मी मन लावून केली.

त्या घराचे आवाज अजून माझ्या कानात आहेत. सकाळी सातला अंबडचा भोंगा व्हायचा, पण त्याच्या आधी कितीतरी वेळ तळ्याकाठची पाणकोंबडी ओरडायची, आणि आईच्या मते दिवस तिच्या ओरडण्यानंच सुरू व्हायचा, भोंगा नुसता मागाहून होकार द्यायचा. उन्हाळ्यात करंजाच्या शेंगा पत्र्यावर टपटप पडत राहायच्या. पावसाळ्यात बेडकं इतकी ओरडायची की जेवताना आम्ही एकमेकांना मीठ हातानं खुणावून मागायचो. पाहुणे आले की म्हणायचे, 'झोप कशी लागते हो तुम्हाला?' आम्हाला गावाला गेल्यावर झोप लागायची नाही, तिथं फार शांत असायचं.

बागेचे दोन भाग होते. पुढचा भाग समितीचा. तिथं हिरवळ, शेवंती, झेंडू, मेंदीचं कुंपण, आणि 'फुले तोडू नयेत' अशी पाटी. मागचा पट्टा कुणाचाच नव्हता, म्हणजे आमचा होता. तिथं टाकळा, कुर्डू, आघाडा, तांदुळजा, घोळ, रानतीळ, गुळवेल, जे जे मनात येईल ते उगवायचं आणि दादा त्याला हात लावायचे नाहीत. समितीचे अध्यक्ष देवरेसाहेब दर महिन्याला तिथं उभे राहून म्हणायचे, "सोनवणे, हे रान काढा बरं." दादा म्हणायचे, "हो साहेब, काढतो." हे संभाषण मी माझ्या लहानपणी इतक्यांदा ऐकलं, की साहेबांनी तोंड उघडायच्या आधी मी दादांचं उत्तर म्हणू शकायचे. रान काही निघालं नाही. दादा साहेबांना फसवत नव्हते. काढणारच होते ते, फक्त कधी ते ठरलेलं नव्हतं.

कारण उघड होतं. त्या पट्ट्यावर आमचं निम्मं जेवण चालायचं. आईचा टाकळा खाल्लेला माणूस मेथी विसरायचा. कोवळा पाला, त्यात भिजवलेली हरभऱ्याची डाळ, ठेचलेला लसूण, वर बाजरीची गरम भाकरी. घोळीच्या भाजीत ती ताक घालायची. कुर्डूच्या भाजीत सुकट घालायची, आणि ती शिजत असली की शेजारच्या इमारतीच्या पहिल्या मजल्यावरून कुणीतरी खिडकी लावायचं आणि कुणीतरी उघडायचं. आमच्या घरात 'तण' हा शब्द मी शाळेत जाईपर्यंत ऐकला नव्हता.

भाद्रपद आला की अख्ख्या कॉलनीला आमचं रान आठवायचं. गणपतीला पत्री हवी, गौरीला आघाडा हवा, ऋषिपंचमीला बैलाच्या मेहनतीशिवाय उगवलेली भाजी हवी. आम्ही बौद्ध. आमच्याकडे यातलं काहीच नव्हतं, पण यादी आम्हाला तोंडपाठ होती. पहाटे बायका पिशव्या घेऊन दारात उभ्या राहायच्या, आई कमरेला पदर खोचून चिखलात उतरायची आणि परत येताना पुटपुटायची, "उपास त्यांचा आन चिखल आपला." म्हणताना हसायची. सगळ्यात आधी यायच्या त्या दीक्षितकाकू. त्यांचा मुलगा कारखान्यात होता आणि यजमान गंगेवर, म्हणजे आमच्या गावच्या नदीवर, यात्रेकरूंचे विधी करायचे. काकू स्वभावाला गोड, पण आईनं "आत या, चहा घ्या" म्हटलं की म्हणायच्या, "आज नको गं, घाई आहे." अकरा वर्षं काकू घाईत होत्या. आईला कारण माहीत होतं, काकूंना कारण माहीत होतं, आणि दोघीही ते कारण सोडून एकमेकींशी अतिशय प्रेमानं बोलायच्या.

आता त्या मागच्या पट्ट्यावर सिमेंटचे ठोकळे बसवलेत आणि ज्येष्ठ नागरिकांसाठी बाकं आहेत. ज्येष्ठ नागरिक म्हणजे मीच. गुडघ्याला पट्टा बांधून मी रोज तिथं फेऱ्या मारते. ठोकळ्यांच्या फटीतून टाकळा येतोच. एक तरुण मुलगा मोबाइल झाडापुढे धरून त्याचं नाव काढत असतो. मी त्याच्या मागे उभी राहून ते बरोबर आहे का बघते. बहुतेक वेळा बरोबर असतं. मला ते फारसं आवडत नाही.

पण आज मला सांगायचंय ते तळ्याबद्दल. बागेच्या मधोमध एक जुना मुरमाचा खड्डा होता. कॉलनीचे रस्ते करताना मुरूम काढला आणि खड्डा तसाच राहिला. दादांनी त्याच्या कडा उतरत्या केल्या, तळाला काळी माती टाकली, बागेच्या विहिरीचं पाणी पाटानं आणून सोडलं आणि त्याचं तळं केलं. मग गावाकडच्या तलावातून कमळाच्या बिया आणल्या. कमळाचं बी दगडासारखं टणक असतं. ते तसंच टाकलं तर वर्षानुवर्षं पडून राहतं. दादांनी एकेक बी पाट्यावर घासलं, आतलं पांढरं दिसेपर्यंत, आणि पितळी पेल्यात पाणी घालून खिडकीत ठेवलं. चौथ्या दिवशी त्यातून हिरवं शेपूट आलं. दादांनी आईला हाक मारली, आई पोळपाट घेऊनच आली. दोन वर्षांनी त्या तळ्यात गुलाबी कमळं लागली. काठाला पांढरी कुमुदिनी, लव्हाळा, पाणकणीस आपोआप आलं. त्यांच्यामागून चतुर आले, बेडकं आली, पाणकोंबडी आली. दादा म्हणायचे, "मी नुसतं कमळ लावलं. बाकीच्यांना कुणी सांगितलं काय माहीत."

कमळं लागायला लागल्यापासून दादांनी एक नेम धरला. आश्विन पौर्णिमेला, वर्षावास, म्हणजे भिक्खूंचा पावसाळी मुक्काम, संपतो त्या सकाळी, कॉलनीतल्या विहारात ताट भरून कमळं न्यायची. आणि पुढं दिवाळीत लक्ष्मीपूजनाला जी बाई मागेल तिला एक द्यायचं. मी सांगतेय त्या वर्षी विहारात बुद्धाची नवी मूर्ती बसणार होती. लोकांनी वर्षभर त्यासाठी झटून काम केलं होतं. विहाराचे जुने जाणते गांगुर्डेगुरुजी बैठकीत म्हणाले, की मूर्तीच्या पायाशी बाजारची फुलं नकोत. दादा उठून उभे राहिले आणि म्हणाले, "फुलं माझी. पायऱ्या भरून कमळं देतो." दादा बैठकीत बोलत नसत. ते बोलले म्हणून सगळ्यांनी मान वळवून पाहिलं, आणि मी तर हवेतच होते.

घरी आल्यावर मात्र दादा म्हणाले, "गुलाबी आहेत, पांढरी आहेत. एक निळं असतं तर." विहारातल्या जुन्या तसबिरीत बुद्धाच्या हाताशी निळं कमळ होतं, आणि ते दादांच्या मनात घर करून बसलं होतं. निळं कमळ त्यांनी कधी प्रत्यक्ष पाहिलं नव्हतं. मी तेव्हा नववीत गेले होते, आणि बापाच्या मनातली एवढी एक गोष्ट आपण आणून द्यायची असं मी ठरवून टाकलं.

उन्हाळ्याच्या सुट्टीत मी मामाकडे गेले. रंगनाथमामाचं गाव लासलगावच्या पुढं एसटीनं तासभर आत, नदीवरच्या बंधाऱ्याजवळ. मामाकडे गेलं की दिवसभर कांदा निवडायचा, संध्याकाळी बंधाऱ्यावर जायचं. एका संध्याकाळी मी मामाबरोबर बंधाऱ्यावर चढले आणि तिथंच थांबले. पाणी दिसतच नव्हतं. काठापासून काठापर्यंत हिरवीगार चकचकीत पानं, आणि त्यांतून वर आलेले फिकट जांभळ्या फुलांचे तुरे. प्रत्येक फुलाच्या एका पाकळीवर मोराच्या डोळ्यासारखा निळा-पिवळा ठिपका. मी मामाला म्हणाले, "मामा, निळं कमळ."

मामा बिडी विझवून हसला. "कशाचं कमळ. ती पाणवेल हाय. जांभळी बया."

"मला हवीत दोन-तीन रोपं. दादांसाठी."

"नेऊ नको, सुजे. लय वंगाळ हाय ती. आमच्या मोटारीच्या फुटबॉलमधी, पानी वढायच्या तोंडात घुसती, मासं मारती. आज बोटभर पानी दिलं तर उद्या समदं घर मागंल."

मामा प्रत्येक गोष्ट वाढवून सांगायचा. त्याच्या गोष्टीतला साप कधी आठ हातांपेक्षा लहान नसे आणि त्याच्या बैलाला माणसाचं बोलणं समजत असे. म्हणून मी ते सोडून दिलं. निघायच्या दिवशी पहाटे बंधाऱ्यावर गेले, तीन रोपं उचलली आणि आईनं मामासाठी बाजरीच्या खारोड्या भरून दिलेल्या डालड्याच्या रिकाम्या डब्यात पाणी घालून ठेवली. एसटीत तो डबा प्रवासभर मांडीवर धरून बसले. शेजारच्या बाईंनी विचारलं काय आहे म्हणून, तर म्हटलं कमळ. त्यांनी हात जोडले.

दादांना आत्ताच सांगायचं नाही, फूल आलं की हात धरून न्यायचं, असा माझा बेत होता. मी रोपं तळ्याच्या लांबच्या कोपऱ्यात, लव्हाळ्याच्या मागं सोडली, डबा तिथंच पाण्यात दडवला. पावसाळ्यात तिनाची तीस झाली. मला कोण आनंद. मी रोज शाळेतून आले की आधी तिकडे पळायचे. दादा एकदा तिथं वाकून बघत होते. "हे काय आलंय बुवा? पान फुगीर आहे, देठात हवा भरलेली. पाखरांनी आणलं असेल." आणि मागच्या पट्ट्याला जो न्याय, तोच त्यांनी तळ्याला लावला. आपण होऊन आलंय, तर राहू दे.

श्रावण सरता सरता एका सकाळी फुलं आली. एक-दोन नाही, पन्नास तुरे एकदम. माझा बेत बाजूलाच राहिला, कारण मी दादांचा हात धरायच्या आधी फिरायला आलेल्या लोकांनी धरला. "सोनवणे, काय किमया केलीत." दुपारपर्यंत कॉलनीभर झालं की आपल्या बागेत निळं कमळ फुललंय. संध्याकाळी देवरेसाहेब सहकुटुंब आले, कॅमेरा घेऊन. दादांना तळ्यापुढे उभं करून फोटो काढला. ज्या माणसाला महिन्याला एकदा रान काढायला सांगत त्याच्या खांद्यावर साहेबांनी हात ठेवला. दादा संकोचले होते, पण त्यांचे डोळे फुलांवर होते आणि चेहऱ्यावर जे होतं ते मी आयुष्यात विसरणार नाही. रोपं मी आणली हे मी मनातच ठेवलं. म्हटलं, आता सांगितलं तर बढाई होईल.

मग लोक बादल्या घेऊन यायला लागले. कुणी टाकीत ठेवायला नेलं, कुणी अंगणातल्या हौदात. साहेबांनी स्वतःच्या हौदासाठी दोन रोपं निवडून नेली. दिवाळीआधी मोठे पाहुणे बोलवून बाग दाखवायची, फाटकापाशी 'निळ्या कमळांची बाग' अशी पाटी लावायची, असं समितीत ठरलं. माझ्या छातीत मावत नव्हतं.

पहिल्यांदा आईच्या लक्षात आलं. जेवताना ती म्हणाली, "आज मीठ बोलून मागितलं मी. आन ऐकू गेलं."

आम्ही तिघांनीही घास थांबवून कान दिले. बाहेर बेडकं नव्हती. केव्हापासून नव्हती तेही आठवेना. दुसऱ्या दिवशी दादांनी काठी घेऊन तळ्यात चाचपलं. हिरव्या गालिच्याखाली काठी आत गेली आणि काळा वास वर आला. कमळाची पानं कुजून देठापासून सुटली होती. एकही कळी नव्हती. पाणकोंबडी निघून गेली होती आणि तिच्या जागी डासांचे ढग होते. पौर्णिमेला तीन आठवडे राहिले होते.

त्याच आठवड्यात मामा कांद्याची गोणी घेऊन आला. तळ्याकडे बघून तो जागच्या जागी थांबला. "भाऊजी, ही बया हितं कशी?" दादा म्हणाले, "पाखरांनी आणली वाटतं." मामानं माझ्याकडे बघितलं. मी त्याच्याकडे अशा नजरेनं बघितलं असेन, की आठ हातांपेक्षा लहान साप न पाहिलेला तो माणूस गप्प बसला. फक्त एवढं म्हणाला, "ओढून काढल्याबिगर जायाची नाय. एक तुकडा ऱ्हायला तरी परत."

त्या रात्रीपासून मला जेवण जाईना. सांगावं तर दादांनी दिलेला शब्द मोडायला मीच कारण झाले हे सांगावं लागणार होतं. न सांगावं तर पाखरांवर आळ. मी रोज सकाळी ठरवायचे आज सांगू, आणि दादा तळ्याकाठी उकिडवे बसलेले दिसले की पुढचं पाऊल पडायचं नाही. 

दादा साहेबांकडे गेले. म्हणाले, वेल काढायची आहे. साहेब म्हणाले, वेडे झालात का, पाहुणे यायचेत, चार आठवडे थांबा. दादा म्हणाले, "साहेब, चार आठवड्यांत कमळाचा कंदही सडेल." साहेब ऐकेनात. आणि मग साहेबांच्या घरी तो प्रकार झाला. त्यांच्या सौभाग्यवती हौदात कळशी बुडवायला गेल्या तर कळशी बुडेना. दोन रोपांनी हौद भरला होता. ती मूठभर बाजूला सारली तर खाली पाणी वळवळत होतं, सगळ्या डासांच्या अळ्या. बाईंचा आवाज तीन इमारती पलीकडे ऐकू गेला. संध्याकाळी साहेब स्वतः आमच्या दारात आले आणि छपराकडे बघत म्हणाले, "सोनवणे, काढा बरं ते रान."

दादा म्हणाले, "हो साहेब, काढतो." आणि यावेळी खरंच काढलं.

रविवारी सकाळी विहारातली माणसं आली, कारण कमळं त्यांना हवी होती. थोड्या वेळानं दीक्षितकाकू आल्या, मागे कॉलनीतल्या आणखी बारा-पंधरा बायका, कारण दिवाळीत लक्ष्मीला कमळ त्यांनाही हवं होतं. पुरुष गळ्यापर्यंत पाण्यात, बायका काठावर रांगेत, दोरानं ओढायचं आणि हातोहात पुढं द्यायचं. ती वेल वरून हलकी दिसते, पण पाणी धरलेली मुळं घेऊन येते तेव्हा एकेक झुबका पोत्याएवढा जड होतो. कुणी घसरून पडायचं, पडलेल्याला उचलायला गेलेला पडायचा. साहेब पायजमा गुडघ्यापर्यंत दुमडून सूचना देत होते, तेही एकदा आत गेले आणि मग त्यांच्या सूचना बंद झाल्या. दोघाजणांनी काढलेली वेल ओढून नाल्याकडे चालवली होती. दादा पाण्यातून ओरडले, "नाल्यात नाही. नाला गंगेला जातो." मग ती सगळी वेल मुरमाच्या मोकळ्या जागेत मुळं वर करून उन्हात पसरली. आठ दिवसांत वाळून तिचा कागद झाला, आणि पुढल्या वर्षी तिचंच खत शेवंतीला घातलं. अजून मी गंगेवर गेले आणि पाणवेली काढायचं यंत्र पाण्यात फिरताना दिसलं, की कॉलनीतली ती रांग मला आठवते आणि कुठल्या टाकीतून कुणाचं रोप निसटलं असेल याची धास्ती वाटते.

दोन वाजता आईनं सगळ्यांना बोलावलं. पिठलं, भाकरी, ठेचा, आणि मागच्या पट्ट्यातली तांदुळज्याची भाजी. दीक्षितकाकू कोपरापर्यंत काळ्या, साडीला चिखल, आमच्या उंबऱ्यावर बसल्या. आईनं ताटली पुढं केली. मी जीव मुठीत धरून बघत होते. काकूंनी हात धुतले, भाकरीचा तुकडा मोडला, पिठल्यात बुडवून खाल्ला आणि म्हणाल्या, "लसूण जरा जास्त टाकतेस गं तू." आई म्हणाली, "घाईत करावं लागलं." दोघी एकमेकींकडे बघून हसल्या. काकूंनी दुसरी भाकरी मागून घेतली.

संध्याकाळपर्यंत तळं मोकळं झालं. शेवटचा लव्हाळ्यामागचा कोपरा दादांनी स्वतः साफ केला. मी घरात चुलीपाशी होते. थोड्या वेळानं दादा आत आले आणि ओल्या हातानं त्यांनी काहीतरी चुलीशेजारी ठेवलं. डालड्याचा डबा. मामाकडे खारोड्या घेऊन गेलेला, झाकणाला आईनं सुतळी बांधलेला, घासून पुसून स्वच्छ केलेला. दादा हातपाय धुवायला निघून गेले. मी त्या डब्याकडे बघत बसले आणि माझी भाकरी करपली.

पुढचे दहा दिवस आम्ही दोघं एकमेकांशी फक्त खताबद्दल बोललो.

आश्विन पौर्णिमा उजाडली. कंद वाचले होते, तळ्यात नाण्याएवढी नवी पानंही वर आली होती, पण कमळ एकही नव्हतं. पुढच्या पावसाळ्यात तळं पुन्हा गुलाबी झालं, आजही ती कमळं तिथं आहेत. पण त्या सकाळी ते कुणाला माहीत होतं. दादांनी धुतलेला सदरा घातला, ताट घासून घेतलं, आणि रिकामं ताट माझ्या हातात दिलं. म्हटलं, "दादा, शेवंती घेऊ?" म्हणाले, "शब्द कमळांचा दिला होता. खोटी भरती नको."

विहार गच्च भरला होता. पांढऱ्या साड्या, पांढरे सदरे, मेणबत्त्या, उदबत्तीचा वास, आणि समोर नवी मूर्ती. तिच्या पायऱ्या मोकळ्या ठेवलेल्या. गांगुर्डेगुरुजींनी सगळ्यांना उभं करून त्रिशरण आणि पंचशील दिलं. पाचही शिलं आम्ही त्यांच्यामागून म्हटली. चौथं खोटं न बोलण्याचं, तेही. दादांचा आवाज माझ्या शेजारी खणखणीत होता. मग सगळे बसले आणि गुरुजी म्हणाले, "सोनवणे, फुलं आणा."

दादा उठले. "गुरुजी, फुलं नाहीत. तळ्यात पाणवेल शिरली, कमळं गेली."

मागून कुणीतरी म्हणालं, "पण आली कुठून ती वेल? कुणी टाकली?" दुसरा म्हणाला, "पोरांचीच कामं असतील." कुजबुज वाढली. आपापल्या पोरांकडे लोक वळून बघायला लागले.

दादांनी हात वर केला. "पोरांना काही बोलू नका. मी लावली. मला निळं कमळ हवं होतं, हाव सुटली, बंधाऱ्यावरून मीच आणून टाकली. चूक माझी आहे."

 गुरुजींनी चष्मा काढला. दादा खाली मान घालून, शेकडो माणसांपुढे, हात जोडून उभे होते. मी ताट खाली ठेवलं. ते फरशीवर फार मोठ्यानं वाजलं आणि सगळ्यांनी माझ्याकडे बघितलं. मी उठले. म्हणाले, "दादांनी नाही. मी आणली. मामा नको म्हणाला होता तरी आणली. दादांना माहीतसुद्धा नव्हतं."

 मग गुरुजींनी बायकांच्या बाजूला बघितलं, आई पदर तोंडाला लावून बसली होती. रडतेय असं मला वाटलं, पण तिचे खांदे हसण्यानं हलत होते. ते बघून शेजारची हसली, मग तिच्या शेजारची. गुरुजी म्हणाले, "बस बाळ, बस. सोनवणे, तुम्हीपण बसा." आणि मूर्तीच्या रिकाम्या पायऱ्यांपुढे सगळ्यांनी नुसते हात जोडून वंदना म्हटली.

परत येताना दादा पुढं आणि मी मागं, ताट छातीशी धरून.  मला वाटलं, आता आयुष्यभर खताबद्दलच बोलायचं. बागेच्या फाटकापाशी ते थांबले, वळले आणि म्हणाले, "पंचशील घेऊन पाच मिनिटं झाली नव्हती, आणि एवढ्या लोकांत, बुद्धासमोर उभा राहून मी खोटं बोललो. जन्मात पहिल्यांदा. आणि तेवढं एक खोटंसुद्धा तू मला पचू दिलं नाहीस, सुजे."